गेम मिनिमममध्ये बसते, तरी चालत नाही: डबा कसा तपासायचा

"दादा, सगळं मिनिममपेक्षा जास्त हाय बघा. तरी चालंना."

मे २०२५ मध्ये वडणग्याचा एक पोरगा वडिलांच्या मोटरसायकलवर मागं बसून, कॉम्प्युटरचा डबा मांडीवर धरून कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडं आला, तेव्हाचं हे वाक्य. असं वाक्य मी महिन्यातून पाच-सहा वेळा तरी ऐकतो. प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण पैसे आधीच गेलेले असतात. या घरात ते ऊसबिलाचे होते. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "आय सेव्हन, आठ जीबी रॅम, दोन जीबी ग्राफिक्स कार्ड. सगळ्या गेम पळतात." म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. पुढच्या घरानं तरी पैसे द्यायच्या आधी वाचावं.

आपल्याकडं अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणायची पद्धत आहे. खाली मी डब्याला डबाच म्हटलंय. सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर. आणि मिनिमम म्हणजे गेम चालायला कंपनी सांगते ते कमीत कमी हार्डवेअर.

पोरानं आपल्या परीनं तपासलं होतं. जीटीए ५ या गेमची मिनिमम यादी त्यानं वहीत उतरवून घेतली होती: इंटेल कोअर २ क्वाड क्यू६६००, ४ जीबी रॅम, १ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. त्याच्याकडं सगळं दुप्पट. त्याचा हिशेब बरोबर होता, यादी मात्र दुसऱ्याच गेमची म्हणावी इतकी जुनी होती. जीटीए ५ पीसीवर आली एप्रिल २०१५ मध्ये, आणि ही यादी तेव्हाची. मार्च २०२५ मध्ये त्याच गेमची 'एन्हान्स्ड' आवृत्ती आली आणि जुनीला 'लेगसी' असं नाव मिळालं. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, गेम विकत घेतली की दोन्ही लायब्ररीत येतात. एन्हान्स्डची मिनिमम यादी म्हणते: आय७-४७७०, ८ जीबी रॅम, जीफोर्स जीटीएक्स १६३० किंवा रेडिऑन आरएक्स ६४०० हे ४ जीबीचं कार्ड, १०५ जीबी जागा, आणि ती जागा एसएसडीवरच (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्कवर) हवी. पोराच्या डब्यात आय७-२६००, जीटी ७३० आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. नवी आवृत्ती दिसली म्हणून त्यानं ती घेतली, तीन रात्री डाउनलोड चालू ठेवला, आणि शेवटी काळा स्क्रीन येऊन गेम बंद.

म्हणून पहिली गोष्ट: यादी घ्यायची ती गेमच्या स्टोअरच्या पानावरून, आजच्या तारखेची, आणि आपण जी आवृत्ती डाउनलोड करणार तिचीच. मित्राच्या व्हॉट्सअॅपवरची किंवा जुन्या व्हिडिओतली नको. याद्या बदलतात. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आली तेव्हा मिनिमममध्ये हार्ड डिस्क चालत होती. २०२३ मध्ये कंपनीनं यादी बदलली, एसएसडी सक्तीची केली आणि मिनिमम कार्ड जीटीएक्स १०६० च्या ६ जीबीपर्यंत नेलं. गेमचं नाव तेच राहिलं, मागणी वाढली.

आता आपल्या डब्यात खरंच काय आहे ते बघू. बिलावर काय लिहिलंय, स्टिकरवर काय आहे, विकणारा काय म्हणाला, हे सगळं बाजूला ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. सीपीयूवर क्लिक केलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव वर उजवीकडं दिसतं. मेमरीवर रॅम किती आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. डिस्कखाली एसएसडी की एचडीडी (हार्ड डिस्क) तेही लिहिलेलं असतं. जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सवर, कार्डाचं नाव येतं. जीपीयू दिसतच नसेल तर कार्डाचा ड्रायव्हर नीट बसलेला नाही, नाहीतर ग्राफिक्स फारच जुनं आहे. दोन्ही गोष्टी कळलेल्या बऱ्या. कागदावर ही नावं अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. पुढची जी शेपटं असतात, टीआय, सुपर, एफ, यू, तीसुद्धा.

याच पानावर सगळ्यात मोठा घोळ होतो. जीपीयूखाली दोन आकडे असतात: डेडिकेटेड आणि शेअर्ड. डेडिकेटेड म्हणजे कार्डावरची स्वतःची मेमरी. शेअर्ड म्हणजे गरज पडली तर आपल्याच साध्या रॅममधून उसनी घेता येईल ती. विंडोज साधारण निम्म्या रॅमपर्यंत तशी मुभा देतं. दोन्हींची बेरीज करून "सहा जीबी ग्राफिक्स" म्हणून मशीन विकलेलं मी स्वतःच्या डोळ्यानं पाहिलंय. यादीतली मागणी डेडिकेटेडशी ताडायची, बेरजेशी कधीच नाही.

डायरेक्टएक्सचंही (गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) तसंच. विंडोज आणि आर दाबून 'डीएक्सडायग' टाइप केलं (स्पेलिंग डी, एक्स, डी, आय, ए, जी) की पहिल्याच पानावर 'डायरेक्टएक्स १२' दिसतं आणि पोरं खूश होतात. तो आकडा विंडोजचा आहे. कार्डाला काय जमतं ते पुढच्या डिस्प्ले पानावर 'फीचर लेव्हल्स' पुढं लिहिलेलं असतं. तिथं सगळ्यात मोठा आकडा ११_० असेल आणि गेम १२_० मागत असेल, तर कितीही सेटिंग खाली आणा, ती उघडणार नाही. वडणग्याच्या पोराच्या कार्डावर ११_० होतं.

जीबी सोडा, नाव वाचा

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण माझ्याकडं येणारी निम्म्याहून जास्त भानगड इथलीच असते.

कार्डावर किती जीबी आहे हे गोदाम किती मोठं आहे एवढंच सांगतं. गोदामातनं माल किती वेगानं बाहेर येतो आणि कामगार किती आहेत, हे त्यातनं कळत नाही. जीटी ७१० मध्ये १९२ कोअर (म्हणजे कामगार) आणि जीटीएक्स ७५० टीआयमध्ये ६४०. दोन्ही २ जीबीची मिळतात, दोन्हींच्या खोक्यावर '२ जीबी' तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. एकावर गेम रांगते, दुसऱ्यावर खेळता येते.

त्याहून वाईट म्हणजे एकाच नावाखाली वेगवेगळा माल. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड तीन रूपांत विकलं गेलं. एका रूपात ९६ कोअर, बाकी दोनांत ३८४. त्या दोनांतही एकाची मेमरी साधी डीडीआर३, दुसऱ्याची जीडीडीआर५. जीटी १०३० चंही तेच: जीडीडीआर५ असेल तर मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ असेल तर १६.८. खोक्यावर नाव तेच, २ जीबी तेच, आणि वेग जवळजवळ तिसरा हिस्सा. हे ओळखायला जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात 'मेमरी टाइप' आणि 'बँडविड्थ' (मेमरीचा वेग) या दोन ओळी वाचा. जुन्या बाजारातनं कार्ड घेताना तर हे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊनच जा. जीटीएक्स ५५० टीआयसारख्या जुन्या कार्डाचं नाव बदलून ते १०५० टीआय म्हणून विकायचा धंदा चालतो, आणि अशी बरीच नकली कार्डं जीपीयू-झेड पकडतं. नावाच्या आधीच 'फेक' असं लिहून येतं.

आकडा मोठा म्हणजे कार्ड जोरदार, हेही खरं नाही. एनव्हिडियाच्या नावात पुढचे अंक पिढी सांगतात, शेवटचे दोन अंक त्या पिढीतला हुद्दा. १६३० म्हणजे १६ व्या मालिकेतला खालचा हुद्दा. २०१६ चं १०५० टीआय बऱ्याच गेम्समध्ये २०२२ च्या १६३० ला मागं टाकतं.

आणि एक बारीक पण महागात जाणारी गोष्ट. एन्हान्स्डच्या मिनिमममध्ये आरएक्स ६४०० आहे म्हणून कुणी ते आय७-२६०० च्या मदरबोर्डावर लावायला निघालं तर मी हात धरतो. ते कार्ड बोर्डाशी फक्त चार लेनवर (माहितीच्या वाटांवर) बोलतं. नव्या बोर्डावर, पीसीआय एक्स्प्रेस ४ वर (कार्डाच्या स्लॉटची चौथी पिढी), त्या चार लेन पुरतात. २६०० चा बोर्ड पीसीआय एक्स्प्रेस २ चा. तिथं तोच रस्ता पाव रुंदीचा होतो आणि यादीत नाव असलेलं कार्ड यादीतल्यासारखं चालत नाही.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. 'आय७' एवढंच सांगणं म्हणजे 'पाटील' एवढाच पत्ता सांगणं. गाव कुठलं ते पुढच्या आकड्यात असतं. २६०० मधला २ म्हणजे दुसरी पिढी, २०११ ची. बाराव्या पिढीचा आय३-१२१०० चौथ्या पिढीच्या आय७-४७९० ला सहज मागं टाकतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी यू असेल तर तो वीज वाचवणारा, त्याच्याकडनं डेस्कटॉपची अपेक्षा ठेवू नका. अजून एक अडथळा म्हणजे सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा. काही गेम्स एव्हीएक्स, आणि आता काही नव्या गेम्स एव्हीएक्स२ मागतात. एव्हीएक्स इंटेलच्या दुसऱ्या पिढीपासून आहे, एव्हीएक्स२ चौथ्यापासून. कोअर २ क्वाडमध्ये दोन्ही नाहीत, आणि बऱ्याच पेंटियम-सेलेरॉनमध्ये पिढी नवी असूनही नाहीत. अशा वेळी गेम हळू चालत नाही, ती उघडतच नाही. सीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इन्स्ट्रक्शन्स' ही ओळ बघितली की कळतं.

कारखान्यातनं आलेले डबे

कोल्हापूरचा स्वतःचा एक प्रश्न आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथं फाउंड्री आणि मशीन शॉप भरपूर. तिथं ड्रॉइंगच्या कामाला वर्कस्टेशन लागतात, आणि जुनी झाली की ती बाजारात येतात. डबे दणकट असतात, मला स्वतःला आवडतात. पण आत कार्ड असतं क्वाड्रो. गेमच्या यादीत क्वाड्रोचं नाव सापडत नाही, म्हणून पोरं गोंधळतात. क्वाड्रो के६२० घ्या: ३८४ कोअर, २ जीबी, मेमरी मात्र डीडीआर३. ड्रॉइंगला झकास, पण गेमच्या भाषेत हे खालच्या हुद्द्याचं कार्ड. "इंजिनीअर लोकांचं महागडं कार्ड" या शब्दावर जाऊ नका. जीपीयू-झेडमध्ये कोअर, मेमरीचा प्रकार आणि बँडविड्थ बघा आणि मग यादीतल्या कार्डाशी तेच तीन आकडे ताडा. अगदी तंतोतंत माप मिळत नाही, पण जुगारही राहत नाही.

या ब्रँडेड डब्यांत कार्ड बदलायचं ठरवलं तर आधी एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) बघा. पुष्कळदा तो २४० ते ३०० वॉटचा असतो, आकार कंपनीचा स्वतःचा, आणि कार्डाला द्यायची सहा पिनांची वायर नसतेच. बोर्डाचा स्लॉट कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज देतो. म्हणजे वायर न मागणारं कार्ड हवं. ७५० टीआय हे ६० वॉटचं, जीटीएक्स १६५० हे ७५ वॉटचं. पण १६५० च्या काही मॉडेलना वायर लागते, म्हणून घेताना कार्डाची कड उलटून बघा. डबा बारीक, आडवा असेल तर अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं. हे न मोजता कार्ड घेऊन आलेले आणि झाकण लागत नाही म्हणून परत गेलेले लोक मी पाहिलेत.

सगळं बसतंय, तरी अडकते

वरचं सगळं तपासून या पायरीपर्यंत आलेल्यांचं हार्डवेअर खरंच पुरेसं असतं. पैसे घालायच्या आधी या गोष्टी बघा, सगळ्या फुकट आहेत.

मॉनिटरची केबल कुठं लावलीय? डब्याच्या मागं वरच्या बाजूला बोर्डाची पोर्ट असतात, खाली कार्डाची. केबल वर असेल तर बऱ्याच मशीनवर गेम बोर्डाच्या ग्राफिक्सवर चालते आणि विकत घेतलेलं कार्ड नुसतं गरम होत बसतं. मंगळवार पेठेतल्या एका घरी मी फक्त ही केबल खाली लावून आलो. त्यांनी आठ महिने तसंच काढले होते.

लॅपटॉप असेल तर तो चार्जरवर आहे ना ते बघा; बॅटरीवर कार्ड मुद्दाम हळू धावतं. मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथं जाऊन त्या गेमला 'हाय परफॉर्मन्स' निवडा, नाहीतर विंडोज तिला इंटेलच्या ग्राफिक्सवर टाकू शकतं. लॅपटॉपच्या कार्डाचं नाव डेस्कटॉपसारखंच असलं तरी ताकद तेवढी नसते. आरटीएक्स ३०५० लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंत मिळतं. नाव एक, पण पातळ लॅपटॉपमधलं आणि जाड लॅपटॉपमधलं यांत मोठा फरक.

रॅम एकच स्टिक आहे का? मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स युज्ड' पुढं १ ऑफ २ असेल तर रॅम एकाच वाटेनं चालते. वेगळं कार्ड नसेल आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळत असाल तर १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. फरक डोळ्यांना दिसतो.

पहिली पंधरा मिनिटं मस्त आणि मग अडकायला लागलं, की ती उष्णता. शिरोलीच्या बाजूनं येणाऱ्या डब्यांत वाळूची बारीक काळी धूळ पंख्याच्या मागं गादीसारखी बसलेली असते. झाकण काढून ब्लोअरनं हवा मारा, पंखा बोटानं धरून, म्हणजे तो उलटा गरगरत नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्यात पाणी असतं, पावसाळ्यात तर जास्तच. तरी फरक नाही पडला तर प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली असणार.

व्हॅलोरंट या गेमचं प्रकरण वेगळं आहे. तिची मागणी इतकी कमी आहे की इंटेल एचडी ४००० या प्रोसेसरमधल्याच जुन्या ग्राफिक्सवरही ती उघडते. पण विंडोज ११ वर तिला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू लागतात. नसेल तर 'व्हॅन ९००१' किंवा 'व्हॅन ९००३' असा एरर येतो आणि लोकांना वाटतं कार्ड कमी पडलं. हे बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या, बोर्डाच्या सेटिंगमध्ये) चालू करायचं असतं. इंटेलच्या बोर्डावर टीपीएमचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. एक सावधगिरी: विंडोज डिस्कच्या जुन्या एमबीआर पद्धतीनं टाकलेलं असेल आणि तुम्ही सीएसएम (बायोसमधली जुन्या पद्धतीची सोय) बंद केलं, तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जीपीटी (नवी पद्धत) लिहिलंय का बघा, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.

एवढं करूनही खात्री वाटत नसेल तर विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी करता येतात. यूट्यूबवर आपल्या कार्डाचं पूर्ण नाव, प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि गेमचं नाव एकत्र शोधा. कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती चित्रं), रिझोल्यूशन आणि सेटिंग दाखवणारे व्हिडिओच धरा. 'चालते का' सांगणाऱ्या वेबसाइट नावाला नाव जुळवतात. एक स्टिकची रॅम, ३५ वॉटचं कार्ड, धूळ, हे त्यांना कळत नाही. दुसरं म्हणजे काही कंपन्या आपल्या गेमचा फुकट बेंचमार्क, म्हणजे मशीनची चाचणी, देतात. ब्लॅक मिथ: वुकाँग आणि मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स या दोन्हींचा स्टीमवर आहे. तुमच्याच डब्यावर, तुमच्याच धुळीसकट आकडा मिळतो.

घेतलीच, आणि चालली नाही, तर स्टीम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत देतं. म्हणून पहिल्या वेळी गोष्ट बघत बसू नका. थेट सेटिंग लावा, थोडं गर्दीच्या ठिकाणी फिरून बघा, वीस मिनिटांत निकाल लागतो. गेम पहिल्यांदा उघडताना शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार करत बसते तो वेळही त्या दोन तासांत मोजला जातो.

वडणग्याच्या पोराचं काय झालं ते राहिलं. त्याचं जीटी ७३० नशिबानं ३८४ कोअरचं, जीडीडीआर५ वालं निघालं. एन्हान्स्ड काढून लेगसी टाकली, माझ्याकडच्या जुन्या साठ्यातली ४ जीबीची एक स्टिक दिली, एक छोटी साटा एसएसडी बसवली, धूळ काढली. ७२० पी रिझोल्यूशनवर, सगळं नॉर्मलला ठेवून, गेम ३० एफपीएसच्या आसपास स्थिर राहिली. शहरात गाडी भरधाव घातली तेव्हा खाली आली, पण थांबली नाही. पोरगा अर्धा तास खुर्चीतनं उठला नाही. वडील बाकावर चहा घेत बसले होते.

जाताना त्यांनीच विचारलं, "मालक, ह्यो म्हणतोय सहावी येणाराय. ती ह्याच्यावर चालंल का?"

तेव्हा जीटीए ६ फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एससाठी जाहीर झालेली होती. पीसीची यादीच आलेली नव्हती. मी त्यांना तेच सांगितलं आणि पोराच्या वहीत तारीख घालून लिहून दिलं: यादी हातात आल्याशिवाय सहावीसाठी एक रुपयाही खर्चायचा नाही. वडिलांनी ते पान फाडून खिशात ठेवलं.